कळलावी: विषारी पण देखणी वेल, सारखे सारखे येणारे प्रश्न

जुलै लागला की फोटो यायला सुरुवात होते. लाल-पिवळं, ज्वाळेसारखं फूल आणि खाली एकच ओळ, "हे काय आहे, विषारी आहे का?" मग गौरी-गणपतीत पूर येतो, आणि दिवाळीच्या आसपास अचानक वेगळे प्रश्न सुरू होतात, कंदाबद्दलचे. दरवर्षी तेच तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकतोय. मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही, झाडाझुडपांच्या नादाला लागलेला कोकणातला माणूस आहे, त्यामुळे उपचाराच्या बाबतीत हॉस्पिटल हे एकच उत्तर माझ्याकडे आहे, ते आधीच सांगतो.

१. कळलावी म्हणजे नक्की कोणती वेल? आमच्याकडे हिला दुसरंच नाव आहे.

असणारच. कळलावी, अग्निशिखा, खड्यानाग, वाघनखी, काही ठिकाणी बचनाग (या नावाने फार घोळ होतो, त्यावर प्रश्न १२ बघा). संस्कृतात लांगली आणि कलिहारी. लांगल म्हणजे नांगर. जमिनीतला कंद बघितलात की हे नाव का पडलं ते लगेच कळतं, अगदी जुन्या लाकडी नांगरासारखा वाकलेला असतो. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा, आणि ते १७५३ साली लिनियसने दिलंय. आफ्रिका आणि आशियाच्या उष्ण भागातली ही मूळची वेल, म्हणजे आपल्याकडे कुणी बाहेरून आणून लावलेली नाही, इथलीच आहे. तामिळनाडूचं हे राज्यफूल आहे आणि झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल. १९४७ मध्ये तेव्हाची राजकन्या एलिझाबेथ तिकडे गेली होती तेव्हा तिला याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच भेट दिला होता. आणि आपल्याकडे गडग्यावर, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणावर, फुकट उगवते.

२. कुठे आणि कधी दिसते?

कोकणात आणि घाटात जवळपास कुठेही, पण गर्द जंगलाच्या आत कमी, कडेला जास्त. शेताचा बांध, वई, गडगा, करवंदीची जाळी, रस्त्याच्या कडेची झुडपं. तिला ऊन लागतं आणि चढायला काहीतरी आधार लागतो, हे दोन्ही कडेलाच मिळतं ना. पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसानंतर कोंब वर येतो, जुलै ते सप्टेंबर फुलं, मग शेंगेसारखी हिरवी बोंडं, आणि पाऊस गेला की हळूहळू सगळी वेल पिवळी पडून वाळते. उन्हाळ्यात वर काहीच नसतं. पण खाली कंद असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचे अर्धे प्रश्न त्याच्यावरच आहेत.

३. फूल नसेल तर ओळखायची कशी?

हा खरा प्रश्न, आणि हाच सगळ्यात कमी लोक विचारतात! फूल आलेलं असताना कळलावी लहान पोरालाही ओळखता येते. धोका असतो तो फूल नसताना.

पानाचं टोक बघा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल. पान लांबट, भाल्याच्या पात्यासारखं, वितीएवढं किंवा त्याहून थोडं कमी, देठ जवळपास नाहीच, चकचकीत हिरवं, आणि शिरा एकमेकींना समांतर जातात, म्हणजे बांबूच्या पानासारख्या, आंब्याच्या पानासारखी जाळी नाही. आणि ते पान टोकाकडे निमुळतं होत होत संपत नाही, तर त्याचाच दोरा होतो आणि तो दोरा गुंडाळला जातो. काकडी-कारल्याच्या वेलाला धरून चढायला कुरळे तणावे असतात ते खोडातून वेगळे फुटलेले असतात. हिच्यात वेगळा तणावा नाहीच, पानच आपल्या टोकाने शेजारच्या काडीला मिठी मारतं. मी एकदा गडग्यावर उभं राहून एकाच पानाचं टोक बघत होतो, ते करवंदीच्या काट्याला दोन वेढे घालून बसलं होतं आणि पान ओढलं तर पान फाटलं पण वेढा सुटला नाही.

अगदी कोवळी असताना, म्हणजे जूनमध्ये, खालच्या पानांना हे वळलेलं टोक नसतं किंवा अगदी किंचित असतं. वरची पानं यायला लागली की दिसतं. म्हणून हातभर उंचीच्या कोंबावरून छातीठोक सांगू नका, थोडं थांबा.

४. माझ्याकडे फूल पिवळं आहे, मित्राकडे लालभडक. दोन जाती आहेत का?

नाही हो, वय वेगळं आहे. कळी हिरवट असते, उमलली की पाकळ्या बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल, आणि पुढच्या काही दिवसांत लाल रंग खाली उतरत जातो, शेवटी पूर्ण फूल लालबुंद किंवा गर्द शेंदरी होतं. एकाच वेलीवर तीनही प्रकार एकाच वेळी दिसतात. सहा पाकळ्या, कडा लाटांसारख्या दुमडलेल्या, आणि सगळ्या उलट्या वर वळलेल्या, फूल खाली मान घालून आणि पाकळ्या आकाशाकडे. सहा पुंकेसर छत्रीच्या काड्यांसारखे बाजूला पसरलेले. आणि गंमत म्हणजे मधली स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात वळून एका बाजूला निघून जाते, जशी काय तिला बाकीच्यांशी बोलायचंच नाहीये. आपलेच पराग आपल्यावर पडू नयेत म्हणून ही सोय. फुलपाखरू मधासाठी आलं की त्याचे पंख परागांना घासतात आणि पुढच्या फुलावर जातात.

५. कंद कसा दिसतो? करांदे, रताळी, शतावरी यांच्यात कसा ओळखायचा?

कळलावीचा कंद दोन बोटांनी व्ही केल्यासारखा असतो, कधी इंग्रजी एल सारखा. बोटापेक्षा जाड, पातळ साल, रंग फिकट तपकिरी किंवा मातकट पांढरा, आत पांढरा, टोकं निमुळती. नवा कोंब या टोकांनाच फुटतो. मधला जोड नाजूक असतो, ओढला तर तुटतो, आणि इथेच घात होतो, कारण तुटलेला एकच तुकडा हातात आला तर तो व्ही दिसत नाही, लहान रताळ्यासारखा किंवा कुठल्याही साध्या कंदासारखा दिसतो. श्रीलंकेत (तिथे नियंगला म्हणतात) रताळं समजून उकडून खाल्ल्याने विषबाधा झालेल्या आहेत, लोक मेलेले आहेत.

करांद्याचं पान हृदयाच्या आकाराचं, रुंद, देठ लांब, आणि वेलीवरच पानाच्या बेचक्यात गोल खडबडीत करांदे लटकतात. कळलावीच्या वेलीवर कधीच कंद लटकत नाहीत. शतावरीला पानं म्हणजे हिरव्या सुया, खोडाला काटे, आणि खाली पांढऱ्या मुळ्यांचा जुडगा, एकाच ठिकाणाहून निघालेला, केळ्याच्या फण्यासारखा. रताळ्याची वेल जमिनीवर पसरते, पान पुन्हा रुंद. म्हणजे वेल हिरवी असेल तर गोंधळ व्हायचं कारणच नाही. गोंधळ होतो तो वेल वाळून गेल्यावर खणलं की.

आमच्याच घरातलं सांगतो. कुंडीत लावायला म्हणून मी एक कंद पारयीने काढून आणला, कागदात गुंडाळून पडवीत ठेवला आणि विसरलो. संध्याकाळी आईने पडवी झाडताना तो कागद उघडला, "कुणीतरी करांदे आणून टाकलेत" म्हणून धुऊन टोपलीत टाकला. मी रात्री टोपलीत हात घातला तेव्हा दिसला. चूक शंभर टक्के माझी. तेव्हापासून घरात कुठलाही रानटी कंद आणला की त्यावर लाल चिंधी बांधतो, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आणतच नाही.

६. विषारी नक्की कुठला भाग आणि कशामुळे?

सगळी वेल. पण कंद आणि बिया सगळ्यात जास्त. विषाचं नाव कोल्चिसिन. आपल्या शरीरात पेशी सतत दुभंगत असतात, एकीच्या दोन होत असतात, आणि त्यासाठी पेशीच्या आत बारीक दोऱ्या तयार होतात ज्या गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढतात. कोल्चिसिन त्या दोऱ्या विणूच देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते. मग ज्या पेशी सगळ्यात भरभर दुभंगतात त्यांचे हाल आधी, म्हणजे आतड्याचं अस्तर, हाडातला रक्त तयार करणारा मगज, केसांची मुळं. पुढे लक्षणं सांगितली आहेत ती (प्रश्न १०) या एका गोष्टीतून सगळी समजतात.

याच गुणाचा उपयोग झाडांच्या पैदाशीत करतात. बिनबियांचं कलिंगड खाता ना, त्याच्या पैदाशीची सुरुवात कोल्चिसिन वापरून गुणसूत्रं दुप्पट केलेल्या रोपापासून होते. पेशी दुभंगायला निघते, गुणसूत्रांच्या प्रती तयार होतात पण दोरीच नाही, मग सगळी एकाच पेशीत राहतात. घाबरू नका, कलिंगडात ते औषध नसतं.

७. उकळलं, पाणी टाकून दिलं, राख लावली तर विष जातं का? आमच्याकडे कडू कंद असेच खातात.

नाही. हा सगळ्यात धोकादायक गैरसमज. कडू करांदे राख घालून उकडतात, काही रानटी कंद चकत्या करून वाहत्या पाण्यात ठेवतात, हे ज्ञान खरंच पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे आणि त्या कंदांसाठी ते बरोबर आहे. पण तोच नियम इथे लावला की संपलं. कोल्चिसिन शिजवून नाहीसं होत नाही. वर श्रीलंकेचं लिहिलंय, तिथे लोकांनी कच्चे खाल्ले नव्हते, उकडूनच खाल्ले होते.

८. नुसता हात लागला तर? गौरीला फुलं वाहतो आम्ही, ते चालतं का?

हात लागून विषबाधा होत नाही. कुणाकुणाला चीक लागला तर खाज किंवा पुरळ येतं, हात साबणाने धुवा, डोळ्याला लावू नका, एवढंच. कोकणात गौरीसाठी ही फुलं आणतात, गोव्यात माटोळीला (गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीला) बांधतात, ते बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, वर्षातून एकदा रानातलं काहीतरी घरात येतं तेवढंच. फक्त तीन गोष्टी. नैवेद्याच्या ताटाजवळ आणि केळीच्या पानावर ती फुलं ठेवू नका. आणि वेल ओढून आणताना मुळासकट उपटू नका, फुलं कात्रीने कापा. निर्माल्य गोठ्याच्या बाजूला टाकू नका, गुरांचं प्रश्न १८ मध्ये आहे.

काही ठिकाणी म्हणतात की हे फूल घरात आणलं की भांडणं लागतात. नाव कळलावी म्हणून असेल. आमच्या घरात फूल न आणताही व्यवस्थित लागतात.

९. चुकून खाल्लं गेलं तर पहिलं काय करायचं?

ताबडतोब हॉस्पिटल. १०८ लावा किंवा गाडी काढा, जे आधी होईल ते. त्रास सुरू व्हायची वाट बघू नका, हे दहा वेळा वाचा.

जाताना वेलीचा तुकडा, उरलेला कंद किंवा फोटो सोबत न्या. आणि डॉक्टरांना "कळलावी" एवढंच सांगून थांबू नका, डॉक्टर दुसऱ्या भागातले असतील तर त्यांना ते नाव माहीत असेलच असं नाही. "ग्लोरिओसा, यात कोल्चिसिन असतं" असं सांगा. हा शब्द ऐकला की त्यांना पुढचं सगळं कळतं. किती वाजता खाल्लं, साधारण किती खाल्लं, कच्चं का शिजवून, घरात अजून कुणी खाल्लं का, हे लिहून घ्या, गडबडीत आठवत नाही. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, डॉक्टर तिथून सल्ला घेऊ शकतात.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं, तूप पाजणं, ताक, लिंबू, कोळसा घरीच उगाळून देणं, यातलं काहीही करू नका. हॉस्पिटलमध्ये कोळशाची पूड देतात ती वेगळी असते आणि ती कधी द्यायची ते ते ठरवतात. या विषावर सहज मिळणारा असा उतारा नाही, डायलिसिसनेही ते फारसं निघत नाही, त्यामुळे शरीराला सांभाळून धरणं, पाणी-क्षार भरून काढणं, रक्तावर लक्ष ठेवणं हाच उपचार, आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका बरा.

१०. सकाळी खाल्लं, दुपारपर्यंत काहीच झालं नाही. म्हणजे वाचलो ना?

नाही! म्हणूनच वर वाट बघू नका म्हटलं. पहिले काही तास माणूस ठणठणीत वाटतो. साधारण दोन ते बारा तासांत घशात-तोंडात जळजळ, मग पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, कधी रक्ताचे. लोकांना वाटतं बाहेरचं काहीतरी बाधलं. हगवणीची गोळी घेऊन झोपतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या-जुलाब जरा कमी झाल्यासारखे वाटले तरी खरी भीती तेव्हाच असते, रक्तदाब, मूत्रपिंड, हृदय, श्वास, रक्तातल्या पेशी, सगळं त्या वेळात ढासळू शकतं. म्हणून "बरं वाटतंय, डिस्चार्ज द्या" असा हट्ट करू नका, डॉक्टर ठेवून घेत असतील तर राहा.

वाचलेल्या माणसाचे आठवड्या-दोन आठवड्यांनी केस गळतात, कधी कधी पूर्ण टक्कल. ते परत येतात. कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

११. किती खाल्लं तर जीव जातो?

आकडा देणार नाही. एक तर कंदागणिक विषाचं प्रमाण बदलतं त्यामुळे आकडा कामाचा नाही, आणि दुसरं म्हणजे हा प्रश्न कोण कशासाठी विचारतंय ते मला दिसत नाही. "थोडंच खाल्लं" असं असलं तरी प्रश्न ९. आणि मन फार जड झालं म्हणून विचारत असाल तर आत्ता कुणाला तरी फोन करा, टेली-मानस १४४१६ ला करा, चोवीस तास असतं, मराठीत बोलतात.

१२. बचनाग म्हणजे कळलावीच ना? आणि वाघनखी?

इथे तीन वेगळी झाडं एकमेकांची नावं वापरून बसली आहेत.

खरा बचनाग, म्हणजे संस्कृतातला वत्सनाभ, हिमालयातला. निळ्या-जांभळ्या फुलांचं झुडूप, वेल नाही, आपल्या सह्याद्रीत उगवत नाही. त्याचं विष वेगळं, ते थेट हृदयाच्या ठोक्यावर जातं आणि फार पटकन. कोकणात मात्र कळलावीच्या कंदालाच बचनाग म्हणतात. म्हणजे पुस्तकात बचनागाबद्दल वाचलेलं काहीही बांधावरच्या बचनागाला लावू नका, उलटही करू नका.

वाघनखी हे नाव कळलावीला फुलाच्या वळलेल्या पाकळ्यांमुळे. पण देशावर पडीक जागेत एक मोठ्या केसाळ पानांचं, फिकट गुलाबी फुलांचं झुडूप असतं, त्याच्या वाळलेल्या काळ्या फळाला दोन वाकडी नखं असतात, विंचू किंवा विंचवी म्हणतात, त्यालाही वाघनखी म्हणतात. ते वेगळंच. कुणी "वाघनखीचं तेल" वगैरे म्हणालं तर आधी विचारा, कुठली वाघनखी?

१३. गुंज पण विषारी वेल ना? ती आणि ही सारखीच?

दोन्ही विषारी, बाकी साम्य शून्य. गुंजेची पानं चिंचेसारखी, बारीक पानांची पिसं, आणि शेंगेत लाल बिया, एका टोकाला काळा डोळा. या बिया सोनार वजनाला वापरायचे, आठ गुंजा म्हणजे एक मासा. त्यातलं विष अॅब्रिन, तेही जिवावरचं. गुंजेचं कवच मात्र इतकं टणक की अख्खी गिळली तर बऱ्याचदा तशीच बाहेर पडते, चावली किंवा माळेसाठी भोक पाडलेली असली तर धोका खरा. तरी पोराने गिळली तर डॉक्टरकडे जायचंच, घरी अंदाज बांधत बसू नका. गुंजेचा गोड पाला विड्यात घालतात ना, म्हणून लोकांना वाटतं सगळी वेलच निरुपद्रवी. कळलावीच्या बियाही लाल-शेंदरी असतात, पण गोल आणि काळा डोळा नसलेल्या, बोंड तीन फाकांत उकललं की आत रांगेने दिसतात. पोरांना दोन्ही आवडतात, तेच दुखणं.

१४. आयुर्वेदात लांगली औषध म्हणून आहे. मग विषारी कशी?

आयुर्वेदात ती उपविषांच्या यादीत आहे. रुई, धोत्रा, कण्हेर, गुंज यांच्या रांगेत. म्हणजे ती विषारी आहे हे जुन्या वैद्यांना आपल्याआधी माहीत होतं, म्हणूनच गोमूत्रात ठेवून शुद्ध केल्याशिवाय वापरायची नाही असं सांगितलंय. ते काम वैद्याचं. व्हॉट्सअॅपवर कंद उगाळून घेण्याचे जे मेसेज फिरतात त्यात हे शोधन गायब असतं आणि उरतो तो कंद. आणि प्रश्न ७ परत सांगतो, घरी केलेली कुठलीही प्रक्रिया विषमुक्तीची खात्री देत नाही.

१५. कळ लावते म्हणून कळलावी, म्हणजे बाळंतपणात खरंच उपयोग होतो?

नाव त्यावरूनच पडलंय असं सांगतात. जुन्या काळी सुईणी अडलेल्या बाईच्या तळपायाला, बेंबीपाशी कंदाचा लेप लावायच्या. हा इतिहास म्हणून सांगतोय. पोटात घेऊन गर्भ पाडायला याचा वापर झालेला आहे आणि त्यात बायका मेलेल्या आहेत, कारण ज्या विषाने गर्भाच्या पेशी अडतात त्याच विषाने आईच्याही अडतात. गर्भपाताबद्दल प्रश्न असेल तर सरकारी दवाखान्यात जा, भारतात तो कायद्याने ठरवून दिलेल्या मर्यादेत करून मिळतो, लपूनछपून कंद खायची वेळ कुणावर येऊ नये.

१६. साप चावल्यावर खड्यानाग उगाळून लावतात. लावू का?

नको. सापाच्या विषावर प्रतिसर्प लस, ती हॉस्पिटलमध्ये. जखमेवर कंद लावत बसलात तर वेळ जातो, आणि वरून दुसरं विष. बस.

१७. माझ्या सासऱ्यांना गाऊटसाठी कोल्चिसिनची गोळी दिली आहे. हेच का ते विष?

हो, तेच. घाबरू नका. गोळीत अर्धा मिलिग्रॅम असं मोजून दिलेलं असतं आणि डॉक्टर बाकीची औषधं बघून देतात. औषध आणि विष यातलं अंतर या बाबतीत फार थोडं आहे, म्हणून दुखतंय म्हणून आपल्या मनाने दोन जास्त घेऊ नयेत, आणि काही अँटिबायोटिक्ससोबत घेतली तर रक्तातलं प्रमाण वाढतं, त्यामुळे नवीन औषध सुरू करताना ही गोळी चालू आहे हे सांगायचं. आणि उलटं कुणी विचारू नका, म्हणजे "गोळी महाग पडते, बांधावरचा कंद चालेल का". विचारलंय एकाने. नाही चालणार. गोळी मोजलेली असते, कंद मोजलेला नसतो.

१८. गुरं, शेळ्या, कुत्रा?

चरताना गुरं सहसा तोंड लावत नाहीत. पण कापून आणलेल्या चाऱ्यात वेल मिसळली असेल किंवा नांगरणीत कंद वर आले असतील तर खाल्लं जातं, आणि त्यांनाही तितकीच विषबाधा होते. कुत्र्याच्या पिल्लांना कुंडी उकरायची सवय असते, तेव्हा कंद हाती लागतो. लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे.

१९. बांधावर वेल आहे, उपटून टाकू का? लहान मुलं आहेत घरात.

अंगणात, मुलं खेळतात तिथे असेल तर काढा. मात्र नुसती वेल ओढून काही होत नाही, कंद खाली राहतो आणि दर पावसाळ्यात जुन्या कंदाच्या जागी नवा व्ही तयार होऊन पुढच्या जूनला परत कोंब येतो. हातमोजे घालून खणा, तुकडा राहू देऊ नका, आणि काढलेला कंद उकिरड्यावर फेकू नका, लांब खोल पुरा.

लांब बांधावर, जाळीत असेल तर असू द्या ना. औषधासाठी खणून खणून कित्येक ठिकाणी ती दिसेनाशी झाली आहे. तामिळनाडूत बियांसाठी हिची रीतसर शेती होते, औषध कंपन्या त्या बियांतून कोल्चिसिन काढतात, म्हणजे रानातली ओरबाडायची गरजही नाही. (हो, "आम्ही कोकणात शेती करू का" हाही प्रश्न येतो. खरेदीदार आधी पक्का करा, मग लावा, एवढंच मी सांगू शकतो.)

२०. मी परदेशात आहे, इथे नर्सरीत ग्लोरिओसा लिलीचे कंद मिळतात. तीच का?

तीच, किंवा तिचाच जास्त लाल आणि मोठ्या फुलाचा प्रकार. तितकीच विषारी. पाकिटावर लिहिलेलं असतं पण बारीक अक्षरात. ऑस्ट्रेलियात असाल तर लावायच्या आधी तुमच्या भागातला नियम बघा, तिथे क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर वगैरे ती रानोमाळ पसरलेली उपद्रवी वेल समजली जाते. आपल्याकडे कमी होतेय आणि तिकडे आवरत नाहीये.

२१. जूनमध्ये रानभाजी तोडताना कळलावीचा कोंब चुकून येऊ शकतो का?

येऊ शकतो, गवतात हात घालून भसाभस तोडलं तर. फोडशी या रानभाजीची पानं गवतासारखी जमिनीतूनच झुबक्याने निघतात, मधे खोड नसतं. कळलावीला एकच उभं खोड आणि त्याला पानं. हा फरक पुरतो. बाजारात रानभाजीची जुडी घेतलीत तरी निवडताना एकेक पान हातातून जाऊ द्या, आमच्याकडे हे काम टीव्हीसमोर बसून होतं आणि तिथेच नजर चुकते.

२२. मोबाइलचं अॅप ओळखतं, मग एवढं वाचायचं कशाला?

फुलाचा फोटो असेल तर अॅप बरोबर ओळखतं, कुणीही ओळखेल. नुसत्या पानावर किंवा मातीने माखलेल्या कंदाच्या तुकड्यावर मी अॅपचं उत्तर मानणार नाही, आणि माझंही तुम्ही मानू नका. कंदाचा फोटो पाठवून "खाऊ का" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच उत्तर असतं, नको, मग तो कंद कशाचा का असेना.

२३. डिसेंबरमध्ये वेल वाळून गेली, आता तिथे काहीच दिसत नाही. आता करांदे खणायला हरकत नाही ना?

हाच तो प्रश्न, दिवाळीनंतर येणारा. वेल गेली म्हणजे कंद गेला असं नाही, उलट या दिवसांत तो भरलेला असतो. करांद्याची वेलही तोवर वाळलेली असते, दोन्ही वाळक्या वेली एकाच करवंदीवर गुंतलेल्या असतात आणि खाली कुणाचं काय आहे ते मातीला विचारावं लागतं. म्हणून ऑगस्टमध्ये, फुलं असतानाच, जिथे जिथे कळलावी दिसेल तिथे बुडाशी एक निर्गुडीची काठी ठोकून ठेवा आणि वर लाल चिंधी बांधा. आमच्या गडग्यावर या वर्षी अशा अकरा काठ्या आहेत. त्यातल्या दोन काठ्यांना पालवी फुटली, ते एक वेगळंच.